पायाळूची लाथ

तुळसानं डावी लाथ हाणली आणि हैबती दोन पावलं पुढं जाऊन अंगणात उभा राहिला. त्यानं कंबर चाचपली, इकडं वाकला, तिकडं वाकला, आणि "गेली रे गेली!" म्हणून असा ओरडला की गोठ्यातली म्हैस बिचकली.

तुळसा पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. आणि पाठीत उसण भरली तर पायाळूच्या लाथेसारखं औषध नाही, हे कापडे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एरवी एखादं दुसरं गिऱ्हाईक यायचं. आज मात्र अंगणात रांग लागली होती, आणि त्यातल्या निम्म्यांच्या कंबरा धडधाकट होत्या.

"मला कायबी झालं नाय गो," रंगूबाई म्हणाली. "पन तू गेलीस मुंबईला, नि भातलावणीत माजी कंबर धरली, तर मी कुनाच्या दारात जाऊ? आगाऊच मारून ठेव."

"मी जाणार असं ठरलंय कुठं?" तुळसा म्हणाली.

"नसंल ठरलं. तू मार तर खरी."

तेच तर ठरत नव्हतं. ट्रंक भरून ओटीवर तयार होती. भाऊ दत्ताराम मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय; तो तिला न्यायला आला होता. मालीश आणि व्यायाम देऊन आजारी माणसं हिंडती-फिरती करायची, याचं शिक्षण तिथं सुरू झालं होतं, आणि महाडला राहून मॅट्रिक झालेल्या तुळसाला जागा मिळाली होती. इकडं बाप गोमाजी, नावाजलेला हाडवैद्य. दासगावपासून पोलादपुरापर्यंतची मोडकी हाडं त्याच्या ओटीवर यायची. त्याचा हात लेकीच्या हातात उतरला होता. निखळलेला खांदा ती बोलता बोलता बसवायची. ती गेली की आबाच्या मागं ही ओटी ओस. तिला मुंबई हवी होती आणि आबाची ओटीही हवी होती, आणि एका जिवाला दोन्ही कसं मिळावं?

आबा काही बोलेल तर शपथ! "तुजं तू बग," एवढं म्हणून तो कोपऱ्यात बांबूच्या कामट्या तासत बसला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, की हप्ताभर त्याच्याच कमरेत उसण भरली होती. गावाची हाडं बसवणारा माणूस कोयत्यासारखा वाकून चालत होता. पण लेकीनं बापाला लाथ मारायची? छे, छे! तसली गोष्ट त्याच्यापुढं काढायची कोणाची छाती नव्हती.

तेवढ्यात लेकाच्या पाठुंगळी बसून ठमाबाई आली. दिवाळीत तिचा पाय मोडला होता. गोमाजीनं तो असा सांधला होता की बोट फिरवून जोड सापडू नये. पण ठमाबाई जी बसली ती बसलीच.

"हाड पक्कं हाय," गोमाजी कोपऱ्यातनं कडाडला. "मग चाल की गो!"

"पक्कं हाय तर तुमीच चाला त्याच्यावर," ठमाबाई म्हणाली. "माजं पाऊल नाय फुडं पडत."

सगळे हसले. तुळसानं तिला मांडवाच्या मेढीला धरून उभं केलं. ठमाबाई थरथरली, पण उभी राहिली, आणि म्हातारीचा चेहरा असा फुलला की बघत राहावं.

"उभी ऱ्हायले गो! आता?"

आता काय? तुळसाला काही सुचेना. वाळलेल्या पायात ताकद आणायची कशी? आधी कुठलं पाऊल टाकायचं? तिनं बापाकडं पाहिलं. गोमाजीच्या हातातली कामटी तशीच राहिली होती.

"माज्याकडं नको बगू," तो हळू आवाजात म्हणाला. "मी हाडाला हाड लावून देतो. त्याच्या फुडचं मला कदी कुनी शिकवलं नाय."

"तिकडं तेच शिकवतात, आबा," दत्ताराम म्हणाला. "अशा लोकांचा अख्खा वॉर्ड असतो."

तुळसाच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. "मी जाते, आबा," ती म्हणाली. "शिकते, आणि हितंच परत येते."

खालच्या वळणावर एस.टी.चा भोंगा वाजला.

गोमाजी उठला. वाकत वाकत अंगणात आला, दुसरी मेढ धरली आणि लेकीकडं पाठ करून उभा राहिला.

"मार."

तुळसा एक पाऊल मागं सरली.

"आबा, तुला पाय लावू?"

"साऱ्या गावाला लाथा मारल्यास, मी काय तुजं घोडं मारलंय? मार!"

तुळसानं डोळे मिटले, मनातल्या मनात बापाच्या पाया पडली आणि पाय नुसता टेकवला.

"ही लाथ म्हनायची का फुंकर?" गोमाजी म्हणाला. "अशानं मुंबईत कोन उभं ऱ्हाईल?"

मग मात्र तिनं हाणली. गोमाजी दोन पावलं पुढं गेला आणि चांगला ताठ उभा राहिला. "गेली!" म्हणाला. ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि बांधावरनं झपाझप निघाला. मागनं सगळी मंडळी. ठमाबाई मेढ धरून ओरडत होती, "लौकर ये गो! मी हितंच उभी हाय!"

तुळसा हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. ट्रंक टपावर चढली, दत्तारामनं तिला खिडकीशी बसवलं आणि गाडी हलली. वळणावर तिनं मान बाहेर काढून मागं पाहिलं.

लोक परत फिरले होते. रस्त्याच्या कडेला आबा एकटाच होता. दोन्ही हात कमरेवर, पुन्हा तसाच कोयत्यासारखा वाकलेला, आणि तोंड भरून हसत होता.