गबरूचं पातेलं

पाकिटातलं खाणं बंद केल्यापासून केतकी गबरूसाठी रोज ताजा, बिनमिठाचा चिकन-भोपळा-भात शिजवायची. आई कुरकुरायची, "कुत्र्याचे केवढे हे लाड!"

रविवारी केतकीला पाहायला मुलाकडची मंडळी आली. मुलाचे वडील प्रवासाने भुकेले होते. आईने गडबडीत गबरूचंच पातेलं उचलून त्यांना वाढलं. केतकी पाणी घेऊन आली, तोवर ताट अर्धं झालं होतं.

"मीठ कमी आहे, पण पोटाला किती हलकं!" ते म्हणाले.

केतकीला राहवलं नाही. "काका, ते आमच्या कुत्र्याचं जेवण आहे."

आईने डोळेच मिटले. काकांचा घास हातात राहिला. त्यांनी दाराशी लाळ गाळणाऱ्या गबरूकडे पाहिलं आणि ओशाळून विचारलं, "मग त्याच्यासाठी उरलंय ना?"

मुलाकडे अजून धड पाहिलंही नव्हतं, पण केतकीने मनातल्या मनात होकार देऊन टाकला.