वनिताची साडी

"तांदूळ ऱ्हाऊ दे पोरी. आधी एवढं सांग, त्या दिवशी वनितानं साडी कुठली नेसली होती?"

शाल्मली पिशवी धरून दारातच थांबली. फॅशन शोच्या मांडवाला आग लागली तेव्हा तिच्या अंगावरचा झगा पाठीमागून टाके घालून आवळलेला होता. मॉडेलना कपडे चढवणाऱ्या वनितानं ते टाके कापले, तिला बाहेर ढकललं आणि स्वतः आतच राहिली. त्यानंतर शाल्मलीनं मॉडेलिंग सोडलं. आगीत माणूस गमावलेल्या घरांना ती दर महिन्याला मदत पोचवत होती.

"वर्षश्राद्धाला तसलीच साडी सवाष्णीला द्यायची आहे," वनिताची सासू म्हणाली. "कपड्यांतच तुझा जन्म गेला, तुला ठाऊक असंल."

शाल्मलीला स्वतःच्या झग्याचा रंग आठवला, अस्तर आठवलं, बाहीवरचे मणीसुद्धा आठवले. दोन तास वनिता तिच्याभोवती फिरत होती. तिच्या अंगावर काय होतं?

"हिरवी असेल, मावशी."

"हिरवी तिच्याकडं नव्हतीच."

शाल्मलीची मान खाली गेली. आता ही बाई आपल्याला हाकलून देणार, असं तिला वाटलं. पण म्हातारीनं ट्रंक ओढली आणि सुनेच्या साड्या एकेक करून जमिनीवर मांडल्या. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"बस खाली. यात कुठली नाही, ते बघू. सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोर वावरली, पण मलाबी सांगता येईना."