कवटी की दगड

कवटी म्हणणाऱ्यांनी डावीकडे बसायचं, दगड म्हणणाऱ्यांनी उजवीकडे. पॅसाडिनाच्या वाचनालयाच्या सभागृहात शनिवारी दुपारी तीन वाजता अशी शिस्तशीर फाळणी झाली होती. मधल्या वाटेत डोनटचं टेबल होतं. तेवढं दोन्ही बाजूंना मान्य होतं.

पडद्यावर मंगळावरच्या गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याने टिपलेला फोटो होता. तांबूस वाळू, चाकांचे ठसे, आणि ठशांशेजारी अर्धवट रुतलेली एक फिकट, चकाकणारी वस्तू. तिच्या काठाला एक काळी खाच होती, बरोब्बर अर्धवर्तुळाची. डावीकडच्यांच्या मते ती डोळ्याची खोबण होती. उजवीकडच्यांच्या मते वाऱ्याने पाडलेली खळगी.

मंचावर डॉ. वेंडेल ॲबनी बसले होते. गाडी चालवणाऱ्या संस्थेत लोकांच्या शंकांना उत्तरं देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. नऊ वर्षांत लोकांना मंगळावर खेकडा दिसला होता, चमचा दिसला होता, दरवाजा दिसला होता, गुडघे टेकून बसलेली एक बाईही दिसली होती. ॲबनींचं उत्तर दरवेळी एकच होतं, आणि दरवेळी बरोबर होतं. हल्ली त्यासाठी फोटो उघडावाही लागत नसे.

"दगड आहे," प्रेक्षकांकडे बघत ते म्हणाले. "ऊन तिरपं पडलं की दगड कशासारखाही दिसतो."

"दगडाला डोळा असतो होय, डॉक्टर?" सभा भरवणाऱ्या क्विंटानाबाईंनी विचारलं. डाव्या बाजूने टाळ्या पिटल्या.

"मग दुसरा डोळा कुठाय?" उजवीकडून कुणीतरी ओरडलं.

"तुम्हालाच वटारून दाखवायला गेलाय!"

हशा ओसरल्यावर डोनटच्या टेबलाशी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ बोलले. मर्ल स्टब्ज त्यांचं नाव. ते कुठल्याच बाजूला बसले नव्हते.

"हा पत्रा आहे. ॲल्युमिनियमचा. बरबँकला विमानांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कापलाय मी. दगड फुटतो, हाड मोडतं. हे फाटलंय. वाकून वाकून दमला की पत्रा असाच फाटतो. आणि ती खाच म्हणजे ड्रिलने पाडलेलं भोक. अर्धंच आलंय. तुमच्या गाडीच्या चाकांना भोकं असतात का हो, डॉक्टर?"

त्या दुपारी दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"खाली बस, मर्ल! आता म्हणशील बिअरचा डबा आहे!"

"एवढं मंगळावर जायचं आणि पत्रा शोधून आणायचा?"

ॲबनी मागे वळले. पडद्यावरचा फोटो त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

चाकांना भोकं होती. वाळूत उमटणाऱ्या ठशांवरून गाडीने किती फेरे टाकले ते मोजता यावं म्हणून ती मुद्दाम पाडलेली होती. या भोकाचं उरलेलं अर्धं कुठे असेल, हे ॲबनींना कुणी सांगायची गरज नव्हती. गाडी आज कडा चढणार होती, आणि फाटक्या चाकावर ती वरपर्यंत टिकणार नव्हती.

गाडी चालवणाऱ्या जॉइसने सकाळी हाच फोटो त्यांना पाठवला होता. 'मागे चमकतंय ते काय आहे? चढाच्या आधी खात्री करून सांग.' ॲबनींनी टाय बांधता बांधता एका शब्दात उत्तर दिलं होतं.

ते पडद्यामागे गेले आणि फोन लावला.

"जॉइस, आजचा चढ थांबव. ते चाक आहे. आपलंच."

"वेंडेल, तू त्या कवटीवाल्यांच्या सभेतून बोलतोयस ना?"

"जॉइस, थट्टा नाही."

"अरे, पण हुकूम गेला. चार वाजून दहाला. तू दगड म्हणालास ना सकाळी?"

चार चौदा झाले होते.

"दुसरा पाठव. थांब म्हणून."

"तो पहिल्याच्या मागूनच जाणार. आणि एकदा निघाली की वर पोहोचेपर्यंत ती ऐकत नाही, हे काय तुला मी सांगायचं?" तिचा आवाज खाली आला. "नक्की चाक आहे?"

"भोक दिसतंय."

तिच्या मागे कुणीतरी शेंगदाण्यांची बरणी फिरवत होतं. अवघड दिवशी सगळ्यांनी शेंगदाणे खायचे, अशी तिथली पद्धत आहे.

"अकरा वर्षं चालवली ही गाडी, वेंडेल," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

इथून निघालेला हुकूम त्या दिवसांत तेरा मिनिटांनी मंगळावर पोहोचत होता.

ॲबनी मंचावर परतले तेव्हा मतदान सुरू झालं होतं.

"कवटी?" क्विंटानाबाईंनी विचारलं आणि हात मोजले. "दगड?" पुन्हा मोजले. "आणखी काही?"

मर्ल स्टब्जनी डोनट डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला. मग ॲबनींनी केला.

"डॉक्टर, पाहुण्यांना मत नाही," बाई म्हणाल्या. "हात खाली घ्या बरं."

ॲबनींनी हात खाली घेतला नाही. बाईंनी फळ्यावर लिहिलं: कवटी एकशे बारा, दगड सत्त्याण्णव, इतर एक.

भिंतीवरच्या घड्याळात चार एकवीस झाले होते. गाडी अजून दोन मिनिटं कड्याच्या पायथ्याशी स्वस्थ उभी असणार होती.