जिन्याखालची खुर्ची

महिनाभर लेकीकडे राहून मावशी टॅक्सीतून उतरल्या, तेव्हा जिन्याखालच्या त्यांच्या खुर्चीत पहिल्या मजल्यावरचे मास्तर बसले होते. दिवेलागणीची वेळ होती, पण जिन्यातला दिवा अजून कुणी लावला नव्हता.

"कुणाकडे जायचंय?" मास्तरांनी विचारलं.

मावशींना हसू आलं. हा प्रश्न त्यांचाच. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचं आणि आत शिरणाऱ्याला हटकायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. आधी सामान बघायचं, मग तोंड, हेही मास्तरांना त्यांनीच शिकवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं त्याला आता वर्ष होत आलं, तरी त्यांना त्या रोज विचारायच्या. ओळखत नव्हत्या असं मुळीच नाही. पण शहर हे असं फुगत चाललेलं, कोण कुठून येतं याचा पत्ता नाही, विचारलेलं बरं. त्या घरातली सून हातातल्या पिशव्या खाली ठेवायची आणि रोज तेच सांगायची, "घरी चाललेय, मावशी. माझ्याच घरी." मग मावशी म्हणायच्या, "बरं, जा."

"मास्तर, पुरे झाली थट्टा. जरा बॅग धरा," मावशी म्हणाल्या.

मास्तर उठले नाहीत. त्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग मावशींच्या तोंडाकडे. त्या नजरेत ओळखीचं काहीच नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून या माणसाने त्यांच्या हातचा चहा ढोसला होता. मावशींना रागच आला. म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं पुटपुटत त्यांनी बॅग उचलली आणि जिना चढायला लागल्या. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी आपल्या दाराची बेल वाजवली. साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. आत लेक उभा होता. घरातला फोडणीचा वास बाहेर आला आणि मावशींना हायसं वाटलं.

लेकाने आधी बॅगेकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"कुणाकडे जायचंय?"

"घरी आलेय रे," मावशी म्हणाल्या. "माझ्याच घरी."

हे उत्तर कुणाचं, ते तोंडातून निघाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आतून त्यांच्या सुनेने कोण आहे म्हणून विचारलं. लेक मागे वळून म्हणाला, "कुणी नाही. घर चुकलंय बाईंचं." तो उर्मटपणे बोलला असता तरी चाललं असतं. तो अगदी नीट बोलला, आणि त्याने हळूच दार लावून घेतलं.

मावशींनी बेलवर पुन्हा बोट ठेवलं, पण दाबायचा धीर झाला नाही. पुन्हा दार उघडलं आणि लेकाने पुन्हा तेच विचारलं तर? खालून मास्तरांची पावलं एकेक पायरी वर येत होती. ती त्यांच्याच मागावर आहेत, हे कुणी सांगायची गरज नव्हती; अनोळखी माणूस वर गेला की पाठोपाठ जाऊन बघून यायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. बॅग छातीशी धरून त्या तशाच वर निघाल्या.

तिसऱ्या मजल्यावरचं दार सताड उघडं होतं. आत दिवा होता. रोज पिशव्या खाली ठेवून उत्तर देणारी ती सून दारातच उभी होती.

"या मावशी," ती म्हणाली, आणि बाजूला झाली.

खोलीत माणसं दाटीवाटीने जमिनीवर बसली होती. कोपऱ्यावरचा शिंपी होता. पाण्याच्या बाटल्या पोचवणारा होता. रात्रपाळीची नर्स होती. वरची खोली मध्येच सोडून गेलेलं ते तरुण जोडपंही होतं. यातल्या एकेकाला मावशींनी कधी ना कधी जिन्याखाली थांबवलं होतं. प्रत्येकाने आपलं सामान मांडीवर घेतलं होतं.

शिंप्याने आपलं बोचकं उचललं आणि भिंतीकडे सरकून जागा केली. मावशी बसल्या. त्यांनीही बॅग मांडीवर घेतली आणि कुणीतरी विचारेल म्हणून वाट पाहत राहिल्या.

कुणीच काही विचारलं नाही.