कोपरापर्यंत

“नखं!” म्हणत सिस्टरांनी बाळाच्या आत्याला बाजूला काढलं.

बाळ दीड महिना आधीच येऊन ठेपलं होतं. वजन पावणेदोन किलो. त्याला कुणाच्या तरी छातीची ऊब हवी होती, आणि आई तर पलंगावर तापाने फणफणलेली. म्हणून बेसिनपाशी नातेवाइकांच्या हातांची परीक्षा चालली होती. बाळाचा बाप सर्दीपायी पहिल्याच शिंकेला बाद झाला होता. आता रांगेत बापाची आई तेवढी उरली.

आईची आई रांगेत नव्हतीच. ती दाराला टेकून उभी होती. सकाळीच विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या होत्या, “राग मानू नका हं, पण तुम्ही बाळाला हात न लावलेलाच बरा. तुमचं काम कसं, की...” वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. सभ्य माणसांना अर्ध्या वाक्यात पूर्ण अपमान जमतो.

दारातली ही आजी वीस वर्षं कचरा डेपोवर कचरा निवडत होती. तिथं कुणाला खरूज, कुणाला जुनाट खोकला, कुणाचं काचेनं कापलेलं बोट महिनाभर चिघळलेलं. सुट्टी झाली की आजी साबणाची वडी घेऊन टाकीच्या नळाला उभी. सोबतच्या बाया हसायच्या, “अगं, उद्या परत इथंच मरायचंय ना? एवढं घासतेस कुणासाठी?” आजी तोंडालाही साबण लावायची. बोलली असती तर तोंडात फेस गेला असता.

“अंगठी काढा,” सिस्टर म्हणाल्या.

“बत्तीस वर्षांत निघाली नाही!” विहीणबाई अभिमानाने म्हणाल्या.

“म्हणजे बत्तीस वर्षांचा मळ आहे खाली. बाजूला व्हा. आणखी कोण?”

पलंगावरून क्षीण आवाज आला, “माझ्या आईला घेऊ द्या ना.”

“अहो सिस्टर, त्या डेपो...” विहीणबाईंचं वाक्य पुन्हा अर्धंच राहिलं. कारण आजीने नळ सोडला होता.

आधी तळवे. मग हातांची पाठ. बोटांच्या बेचक्या. अंगठे वेगळे, पिळून. नखांची टोकं तळव्यावर घासून. मनगटं, आणि तिथून थेट कोपरापर्यंत. नळ तिने कोपरानेच बंद केला आणि हात वर धरून उभी राहिली. सिस्टर तपासायचंच विसरल्या.

“कुठल्या ऑपरेशन थिएटरला होता, आजी?”

“कचरा डेपोवर.”

“काय सांगता! आणि हे तिथं कुणी शिकवलं?”

हात धुतलेले, म्हणून आजीने नुसत्या हनुवटीने पलंगाकडे दाखवलं.

“हिनं. लहानपणी मी दारात पाऊल टाकायच्या आत येऊन बिलगायची.”