इस्त्रीवालीची बोटं

"आई, हात जरा सैल सोड गं. दगडासारखा झालाय," मुलगी हळूच म्हणाली.

"सैलच आहे. तू तुझ्या कामाकडे बघ," असं म्हणून आईने हात आणखीच ताठ केला.

परीक्षेचा हॉल गच्च भरला होता. प्रत्येक टेबलाच्या एका बाजूला नखं रंगवणारी पोरगी आणि समोर हात पुढे करून बसलेलं तिचं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक ज्याचं त्याने आणायचं होतं. बाकीच्यांनी मैत्रिणी आणल्या होत्या, नाजूक, गोऱ्यागोमट्या हातांच्या. हिने आईला आणलं.

आई लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. इस्त्री तापली का, हे ती बोट टेकवून बघायची, आणि लाँड्रीतल्या नव्या बायका ते डोळे फाडून पाहायच्या. "माझे कसले हात नेतेस परीक्षेला?" असं तिने घरी म्हणून पाहिलं. पण मुलगी हट्टालाच पेटली होती. "मला तुझ्याच हातांवर पास व्हायचंय." झालं! आईने रजा टाकली, हातांना व्हॅसलिन चोळलं, आणि शेजारणीला, दूधवाल्याला, एवढंच काय, लाँड्रीच्या मालकालाही ही बातमी ऐकवून झाली.

पास झाली तर पोरीला मोठ्या सलूनमध्ये खुर्ची मिळणार होती. नापास झाली तर लाँड्रीतलं आईच्या शेजारचं टेबल होतंच. आत्ताही पोरगी रोज तिथेच उभी असायची. पोरीचा जन्म वाफेत जाऊ नये, एवढंच आईला देवाकडे मागायचं होतं.

मुलीने नखांवर जेलचा, म्हणजे लॅम्पच्या उजेडात घट्ट होणाऱ्या रंगाचा, पातळ थर दिला. कडेच्या कातडीला एक थेंब लागू दिला नाही. अंगठा मात्र तिने वेगळा ठेवला. चार बोटांबरोबर तो आडवा पडतो आणि त्याला नीट उजेड मिळत नाही, हे तिने आईला घरी समजावलं होतं.

"आणि जेलला त्याच्या जोडीचाच लॅम्प लागतो, आई. कमी पडला तर वरून चकचकीत, आतून कच्चं. मग बोटांना खाज सुटते. जास्त जोराचा झाला तर नख भाजतं."

आईला ते चटकन कळलं होतं. रेशमाला चालणारी इस्त्री सुताला चालत नाही, तसंच की हे.

प्रत्येकीला दोन लॅम्प दिले होते, एक टेबलावर आणि एक खाली खोक्यात. दिसायला दोन्ही सारखेच, पाठीवरचे ताकद लिहिलेले कागद काढून टाकलेले. "वरच्यापासून सुरुवात करा, खालचा लागला तर घ्या," एवढंच परीक्षक बाईंनी सांगितलं होतं.

आईने चार बोटं लॅम्पखाली सरकवली. जांभळा उजेड पडला. आधी काहीच वाटलं नाही. मग नखाखाली कुणी तापलेली सुई टेकवावी तसं झालं.

"आई गं!" शेजारच्या टेबलावरच्या बाईने हात झटकन ओढून घेतला. मागे आणखी कुणी किंचाळलं. बघता बघता हॉलभर हाय-हुय सुरू झाली. पोरींची धांदल उडाली, कुणी माफी मागतेय, कुणी वाकून खोकं उघडतेय.

गेले यांचे मार्क, आईच्या मनात आलं. आपल्या टेबलावर मात्र हूं की चूं होऊ द्यायचं नाही.

"आई, चटका बसतोय का?" मुलीने विचारलं.

"छे! थंडगार आहे."

मुलीचा हात खोक्याकडे गेला होता. "खरं सांग हं. सगळ्यांना बसतोय."

"सगळ्यांचे हात लोण्याचे. मला काही होत नाहीये. तू चालू ठेव."

मुलीने आईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथे काहीच सापडलं नाही. आई तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. तिने हात मागे घेतला.

तेवढ्यात परीक्षक बाई टेबलापाशी येऊन थांबल्या. "काकू, बोटांना काही त्रास?"

"अगदी मजेत आहे मी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! पोरीचा हातच तसा आहे."

बाई क्षणभर तिथेच घुटमळल्या, मग पुढे गेल्या. आईची छाती अभिमानाने फुगली. दुसरा थर झाला, वरचा चकाकीचा थर झाला, दर वेळी आईने टेबलाखाली पायाची बोटं चपलेत रुतवली, पण तोंडातून ब्र काढला नाही. पोरीला जन्म देतानाही ती एवढी गप्प राहिली नव्हती.

शेवटी नखं तयार झाली. लालभडक, आरशासारखी. इस्त्रीवालीचे हात कुणा राणीचे वाटत होते. परीक्षक बाईंनी ते उचलून सगळ्यांना दाखवले. "रंग बघा, कड बघा. आज हॉलमध्ये इतकं सुबक काम दुसरं नाही."

आईने वळून मागच्या टेबलांकडे पाहिलं. बघा म्हणावं!

मग पास झालेल्यांची नावं वाचली गेली. शेजारच्या टेबलाचं आलं, मागच्याचं आलं. यादी संपली. मुलगी खाली मान घालून आपला ब्रश पुसत राहिली.

आई ताडकन उठली. "बाई, काहीतरी चुकतंय! त्या टेबलांवर नुसता आरडाओरडा झाला, लॅम्प बदलावे लागले, आणि त्या पास? आमच्या टेबलावर साधा आवाजसुद्धा झाला नाही!"

"म्हणूनच, काकू," परीक्षक बाई हळू आवाजात म्हणाल्या. "वरचे सगळे लॅम्प आम्हीच मुद्दाम जास्त जोराचे ठेवले होते. गिऱ्हाईकाला चटका बसल्यावर लॅम्प कोण बदलतं, तेच तर बघायचं होतं."