शून्यावरचा काटा

आप्पांची जुनी स्पोर्ट्स कार दोन वर्षं कळंबच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आहे, चालवली तर इंजिन जाम होईल, असं बुधाजी मेस्त्रीनं सांगितलं होतं. गाडी बंद झाली आणि आप्पांनी अंथरूण धरलं, ते कायमचंच.

तेराव्यानंतर त्यांच्या मुलीनं, समिधानं, शिळफाट्याचा मेकॅनिक बोलावला. त्यानं तेल बदलून इंजिनाला वेगळा मीटर लावला. प्रेशर उत्तम होतं. फक्त काट्याकडे जाणारी वायर कुणीतरी कापली होती.

कापलेली वायर तिनं बुधाजीच्या पुढ्यात टाकली.

"माझ्या बापाला फसवलंत. गाडी भंगारात काढायला लावून स्वतः लाटायची होती ना?"

"लाटायची असती तर दोन वर्सं थांबलो नसतो, ताई," हातातला पाना खाली न ठेवता तो म्हणाला. "आवाज कमी करा."

"मग वायर कुणी कापली?"

"मीच. आप्पांनी शेजारी उभं राहून कापून घेतली."

 

"म्हणाले, 'मला दिसत नाय म्हणून गाडी सोडली, हे पोरीला कळलं, तर नोकरी सोडून इथं येऊन बसंल. तिला सांग, गाडी गेली.'"